चुनखडीतलं अंजन

शिरूर कासारजवळच्या माळावर भागवत आणि मनकर्णाचा एक पांढरा तुकडा होता. नांगर घातला की खाली चुनखडी लागायची. ज्वारी वीतभर वाढून पिवळी पडायची. उन्हाळ्यात चांदी गायीला घालायला घरात काडी नसायची, म्हणून दर माघात भागवत तिला टेंपोनं माजलगावला, बहिणीकडं नेऊन सोडायचा. त्या दिवशी मनकर्णा जेवायची नाही.

एका श्रावणात तिनं माहेराहून अंजन गवताची ठोंबं आणली आणि त्या तुकड्यात लावायला घेतली.

"चुनखडीत गवत लावतीस? लोक हसतील," भागवत म्हणाला.

"हसू द्या. माझ्या बापाच्या माळावर येतंय. तिथं कुठं काळी जमीन हाय?"

पावसाळाभर गवत बरं दिसलं. पण चैत्रात पार वाळून करडं झालं. "मेलं बग," म्हणत भागवत एक ठोंब उपटायला गेला. निघेना. त्यानं दोन्ही हातांनी हिसका दिला, मूठभर काड्या तुटून आल्या आणि तो मागच्या मागं ढेकळांत बसला. मनकर्णा हसून हसून खाली बसली. मग तिनं खुरप्यानं बुडाशी उकरलं. मुळ्या चुनखडीच्या फटींतून खोल गेल्या होत्या आणि करड्या काड्यांच्या आत सुईएवढा हिरवा कोंब होता.

"अगं, जित्तं हाय की!" भागवत ओरडलाच.

पुढच्या वर्षी पाऊस बेताचाच झाला, तरी गवत मांडीला लागलं. कापलं, पुन्हा फुटलं. वाळवून घराशेजारी त्याची गंजी रचली.

माघात बहिणीचा, वर्षाराणीचा फोन आला. "दादा, चांदीला कवा आणतूस? गव्हाण झाडून ठिवलीय."

"यंदा न्हाई येत ती."

"कावून? इकली का काय?"

"न्हाई गं. घरीच खातीय, पोटभर. अन् गाभण हाय."

फाल्गुनात चांदी व्याली. तांबडी कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका. वर्षाराणी मुद्दाम एसटीनं आली. चांदीनं तिला ओळखलं, हात चाटला आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं.

"मला इसरली न्हाई म्हणायची!" वर्षाराणी म्हणाली.

मनकर्णानं चुलीवरून खरवसाचं पातेलं उतरवलं. भागवत ताटल्या घेऊन गल्लीभर फिरला. कुणी काही विचारायच्या आधीच तो प्रत्येक दारात सांगत होता, "आमच्या घरचा हाय, लई गोड झालाय, खा!"