गुडघ्याएवढी निलगिरी

दीड वर्षाने घरी परतलेल्या ताईने बॅग दारातच टाकली आणि ती चपलांसकट थेट मागच्या बागेत गेली. लेकीची जुळी सांभाळून तिचं कंबरडं मोडलं होतं, पण प्रवासभर डोळ्यांपुढे होती ती तिची निलगिरी. गुडघ्याएवढं खोड, त्यावर फुटलेल्या लांब कोवळ्या काड्या आणि काड्यांवर गोल गोल चंदेरी पानं. ताईचं फुलांचं दुकान होतं. तिच्या गुच्छांतली ती पानं पाहून गिऱ्हाईक फुलांची चौकशी करायचं विसरायचं. परवा दुकान पुन्हा उघडायचं होतं.

बागेत पाऊल ठेवलं आणि तिची मान वर वरच जात राहिली. झाड छपराच्या पन्हाळीवर पोचलं होतं. पानं लांबोडकी, हिरवी, विळ्यासारखी वाकडी. शेजारी लोखंडी पाइप रोवलेला आणि खोड त्याला सहा ठिकाणी दोरीने आवळलेलं. पाइपावर रंगाच्या रेघा आणि तारखा.

"पाच मीटर दहा!" मागून धाकट्या भावाचा आवाज आला. लहानपणापासून दिसेल ते मोजत सुटायचा, म्हणून घरात त्याचं नाव फुटपट्टीच पडलं होतं. "म्हटलं, ताई आली की डोळे फिरतील तिचे."

"फिरलेच आहेत. हिवाळा संपता संपता गुडघ्याएवढं छाट, असं सांगून गेले होते ना?"

"सांगितलंस गं. करवत घेऊन आलोही होतो. पण एवढं जोमात वाढणारं झाड, त्याची मुंडी उडवायची? हातच धजेना. शेजारपाजारचे काय म्हणाले असते?"

"शेजारपाजारचे येतात का माझे गुच्छ बांधायला?"

"जीव लावला मी त्याला, ताई. दर आठवड्याला खत, रोज दोन बादल्या पाणी. बुंध्याशी सारखे फालतू फुटवे यायचे, तेसुद्धा खुडत बसायचो."

"गोल पानांचे?"

"हो, तेच बारके."

ताईची कानशिलं तापली. "अरे गाढवा, तीच तर माझी पानं! छाटलं की तेच फुटवे वाढतात. उंच सोडलं की ही असली जून पानं येतात. पाचदा समजावलं. कागदावर लिहून दिलं!"

"कागद जपून ठेवलाय मी," फुटपट्टी म्हणाला.

ताई झाडाकडे वळली. तिने सरळ दोरीच्या गाठी सोडायला घेतल्या. सहावी गाठ सुटली आणि झाड सावकाश शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे कलायला लागलं. फुटपट्टीने झेप घेऊन खोडाला मिठी मारली.

"अगं, पडतंय!"

"पडणारच. खाऊ घालून घालून उंच केलंस आणि वाऱ्यात जरा हलू दिलं नाहीस. मुळांनी जमीन कशाला धरावी? पाइप होताच धरायला. एखाद्या वादळात मुळासकट गेलं असतं, मग बसले असते मी खड्ड्याकडे बघत."

"आधी बांध, मग काय ते बोल!"

"नाही बांधणार."

ती घरात जाऊन करवत घेऊन आली. नशीब, थंडी अजून सरली नव्हती. झाड सोडावं तर पडेल आणि धरावं तर बहीण कापेल, असा फुटपट्टी मधल्या मधे अडकला.

"ताई, नको ना. तू चिडली आहेस म्हणून कापतेयस."

"कापायचं म्हणून कापतेय. चिडलेय ते वेगळं."

"गुडघ्याएवढं म्हणजे नक्की किती सेंटिमीटर?"

"माझ्या गुडघ्याएवढं. झाड माझं आहे." तिने खोडाला पाय लावून पाहिला, खाली बसली आणि त्याच्या मिठीखाली करवत चालवली. औषधासारखा उग्र वास नाकात शिरला. भुसा तिच्या साडीवर सांडत होता. तिचा हात काही थांबला नाही.

खोड कटकन सुटलं. अख्ख्या झाडाचा भार अंगावर येऊन फुटपट्टी चार पावलं मागे भेलकांडला. पानांतून त्याचा नुसता आवाज आला, "आता हे कुठे ठेवू?"

"मला काय विचारतोस? ते तू वाढवलंस, ते तुझं. खालचं माझं. त्याला पुन्हा बादली लावलीस तर याद राख."

उन्हाळा निम्मा सरेपर्यंत आता चंदेरी पान मिळणार नव्हतं. परवाचे गुच्छ तिला नुसत्या फुलांचेच बांधावे लागणार होते. ताई पाइप उपटायला गेली. तो जागचा हलेना, तेव्हा तिने त्याला एक सणसणीत लाथ घातली.