पापुद्रे

वेंडेलने नौदलात बावीस वर्षं जहाजाचा गंज खरवडला आणि रंग दिला. पुन्हा ब्रशला हात लावायचा नाही, म्हणून तर त्याने समुद्रापासून हजार मैल लांब, नेब्रास्कात घर पसंत केलं होतं. माजी सैनिकाचं कर्ज, वर सरकारची हमी, सगळं जुळून आलं. मग कर्जासाठी सरकारतर्फे घर तपासायला आलेल्या बाईंनी लिहिलं: भिंतींचा रंग सोलपटलाय, खरवडून नवा दिल्याशिवाय कर्ज नाही.

"सरकार काही माझी पाठ सोडत नाही," वेंडेल करवादला.

"घर विकणाऱ्याला सांगू की," बायको लोरेटा म्हणाली.

घरमालक, म्हातारा ऑर्विल, पायरीवर बसून सगळं ऐकत होता. "किंमत कमी करतो, पण रंगाचं नाव काढू नका. चाळीस वर्षांत मी ब्रशला शिवलेलो नाही."

"का हो काका?" लोरेटाने विचारलं.

त्याने बाही वर सारली. दंडावर जहाजाचा नांगर गोंदलेला होता.

वेंडेल त्याच्या शेजारी जाऊन बसला.

लोरेटाने कोठारातून रंग खरवडायची पट्टी शोधून आणली आणि भिंत मुद्दाम उलटी, खालून वर खरवडायला लागली. दोन मिनिटं दोघांनी कसाबसा दम धरला. तिसऱ्या मिनिटाला दोघंही उठले आणि पट्टीसाठी हात पुढे केले.