अन्नपूर्णाबाईंचा आराम

जून महिन्याची सव्वीस तारीख उजाडली आणि अन्नपूर्णाबाईंना सगळ्यात आधी आठवण झाली ती उजव्या गुडघ्याची. तो रोज त्यांच्याआधी जागा होत असे. त्यानंतर आठवलं खामगावचं पत्र. ते लोखंडी पेटीत, ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीत होतं, तरी त्यांनी उठून एकदा चाचपून पाहिलं. खामगावच्या एका कन्याशाळेने त्यांना शिक्षिकेची जागा देऊ केली होती. एक जुलैला हजर व्हायचं. दिवसाचे पाच तास, वर्गात पंखा, आणि राहायला धाकट्या बहिणीच्या घरातली खोली, दाराशी नळ असलेली. घंटा झाली की घरी, मागे कटकट नाही. हे शेवटचं पत्रात नव्हतं, बहिणीने उन्हाळ्यात सांगितलेलं होतं, पण बाईंना सगळ्यात गोड तेच लागलं होतं.

त्यांनी ठरवून टाकलं होतं. चौदा वर्षं झाली, आता बास. आज सभेत सांगायचं, दोन दिवसांत आवराआवर करायची आणि तीस तारखेची मोटार धरायची. एवढं सरळ ठरलेलं असूनही त्यांनी पेटीचं झाकण पुन्हा एकदा उघडून पाहिलं.

त्यांची शाळा वरवट बकालहून संग्रामपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, शेतात होती. कागदावर तिचं नाव उत्तर बुनियादी विद्यालय, आणि गावात खराट्याची शाळा. आठवी ते अकरावी मिळून सदतीस पोरंपोरी आणि तीन शिक्षक. सकाळी अंगमेहनत, दुपारी पुस्तक. पोरं इथे स्वयंपाक करत, गाई सांभाळत, वांगी-भेंडीचा मळा पिकवत, सूत काढत आणि आपले संडास आपणच धूत. शेवटच्या कामावर गावाने पहिली दोन वर्षं नाक मुरडलं. पोराले शिकाले धाडलं का झाडाले, असं लोक उत्तमरावांना तोंडावर विचारत. उत्तमराव म्हणजे शाळा काढणारे, तीन शिक्षकांतले एक. त्यांनी आपली नऊ एकर जमीन शाळेला दिली होती आणि मागोमाग स्वतःलाही देऊन टाकलं होतं, त्यामुळे बाकीच्यांनीही तेवढंच द्यावं असं त्यांना अगदी मनापासून वाटे. अशा भल्या माणसापाशी काम करणं फार जड जातं. तो रागावत नाही, नुसता एक वेळ उपाशी राहतो, आणि मग आपल्याही घशाखाली घास उतरत नाही. जमिनीतलं पाणी खारं, त्यात केलेला चहा खारा, पिण्याचं पाणी नाल्यापलीकडच्या गोड विहिरीवरून खांद्यावर आणायचं. विधवा झाल्यावर बाई इथे आल्या तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. तेव्हा या सगळ्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे, असं त्या स्वतःलाच ठणकावून विचारत होत्या.

नवं वर्ष इथे आमसभेने सुरू होई. निंबाखाली सगळे खाली बसत, आणि अकरावीतला कुणीतरी सभा चालवी. समोर कार्यालयाची काळी रंगवलेली भिंत होती, तिला कामाची भिंत म्हणत. तिच्यावर डाव्या बाजूला सगळ्यांची नावं, उत्तमरावांचंही, आणि प्रत्येकापुढे वर्षाचं काम. कुणाला कोणतं काम हे सभा ठरवी. पण मोजून बहुमत घ्यायची पद्धत इथे नव्हती; सगळ्यांचे हात वर झाले तरच ठराव. एक हात खाली राहिला तरी ठराव बारगळला. शिक्षकाचा हातही एकच. मागे आठवीतल्या एका पोराने रोजच्या लाल भोपळ्याविरुद्ध तीन दिवस हात खाली ठेवला होता. उत्तमरावांनी त्याची समजूत घालून पाहिली, बाईंनी गूळ देऊन पाहिला. शेवटी शाळेने भोपळ्यालाच सुट्टी दिली.

आणि इथे शिक्षा एकच होती. मार नाही, उठाबशा नाहीत. चुकणाऱ्याच्या नावापुढचं काम पुसून टाकायचं, बस. ही शिक्षा बाईंनीच काढलेली. दोन वर्षांपूर्वी दयाराम नावाच्या पोराने वासराला पाणी न पाजताच पाजलं म्हणून सांगितलं आणि तो नाल्यात डुंबायला गेला. वासरू भर उन्हात तसंच राहिलं. सभेने तीन दिवस त्याच्या नावापुढची जागा कोरी ठेवली. पहिल्या दिवशी दयाराम हसत फिरला. दुसऱ्या दिवशी त्याने एका पोरीच्या हातची बादली घ्यायला हात पुढे केला तर तिने ती दिली नाही. तिसऱ्या दिवशी तो गोठ्यामागे बसून रडत होता, आणि बाईंनी त्याला समजावलं नव्हतं. तेव्हापासून त्या कोऱ्या जागेचा शाळेत जेवढा वचक होता तेवढा छडीचाही कुठल्या शाळेत नसेल.

तोच दयाराम आता अकरावीत गेला होता. मिसरूड फुटलेलं, आवाज घोगरा, आणि यंदा सभा चालवायची पाळी त्याची. त्याने भराभर नावं घेतली. गोठा, मळा, पाणी, स्वयंपाक ठरले. आठवीत नवीनच आलेल्या पंचफुलाला घंटा दिली, कारण घंटा नेहमी सगळ्यात नव्या पोराला देत. ती बारा-तेरा वर्षांची, बारकी, परकराचा काठ मुठीत धरून बसलेली पोर होती. घंटा म्हणजे काहीतरी मोठं असावं अशा बेताने तिने मान हलवली. उत्तमरावांनी दरवर्षीप्रमाणे संडास मागून घेतले. मग बाईंचं नाव आलं. बाई उठायच्या तयारीत होत्या, वाक्यही जुळवून ठेवलेलं होतं, पण दयारामच आधी बोलला.

"बाईचे गुडघे दुखतात. मांगच्या साली विहिरीवर त्या दोनदा खाली बसल्या. आपन साऱ्याईनं पाह्यलं, अन् कोनी काई बोललं नाई. या साली बाईले काम द्याचं नाई. शिकवाचं तेवढं त्या शिकवतीन. बाकी आराम."

पोरांनी आधीच आपापसात ठरवलं असावं, कारण हात लगेच वर झाले. जुन्यांचे झाले, त्यांचं पाहून नव्यांचे झाले. उत्तमरावांनीही हसून हात वर केला. राहिला बाईंचा. त्यांना वाटलं, बरंच झालं, जाणाऱ्या बाईला काम देऊन पुन्हा पुसत बसण्यापेक्षा हे सोपं. आणि खरं सांगायचं तर कुणीतरी आपलं दुखणं पाहिलं याने त्यांना भरून आलं होतं. त्यांनी हात वर केला. जायचं दुपारी जेवणानंतर सांगू, असं म्हणून जुळवलेलं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

सभा उठली आणि शाळा कामाला लागली. बाईंसाठी कुणीतरी कार्यालयातली एकुलती एक खुर्ची निंबाखाली आणून ठेवली. बाई बसल्या. पहिला अर्धा तास छान गेला. वारा होता, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ स्वच्छ दिसत होती. मग त्यांना मळ्यात पोरं भेंडीच्या ओळी वाकड्या लावताना दिसली आणि त्या उठून गेल्या. पोरांनी त्यांना अदबीने परत खुर्चीपर्यंत आणून सोडलं. पाण्याची कावड आली, त्यांनी माठाचं झाकण काढायला हात घातला, तर झाकण दुसऱ्याच हाताने काढलं. स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसल्या, तर चुलीपाशी धूर लागतो म्हणून त्यांना उठवलं. जेवण झाल्यावर त्या आपलं ताट घेऊन हौदाकडे निघाल्या. इथे उत्तमरावसुद्धा स्वतःचं ताट स्वतः घासत. पण वाटेतच एका पोरीने ते हातातून काढून घेतलं, आणि इतक्या मायेने की बाईंना तिला रागावताही येईना.

जेवणानंतर सांगायचं होतं, तेही राहिलं. दुपारी दहावीला भूमिती शिकवली. शिकवताना आवाज चढला, आणि पोरं त्यांना बरं नाही असं समजून आणखी शहाण्यासारखी वागली. तीनच्या सुमाराला बाई पुन्हा खुर्चीवर येऊन बसल्या. हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. खामगावात घंटा झाल्यावर त्या अशाच बसणार होत्या, बहिणीच्या दारातल्या नळाकडे बघत. थकलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं, असं त्यांनी मनाला विचारलं. 

पंचफुला साडेतीनची घंटा देऊन आली आणि जरा लांब उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. मग जवळ आली. जुन्या पोरींनी तिला दिवसभरात शाळेच्या सगळ्या रीती सांगितल्या असणार. तिने हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं.

"बाई, तुमचं काय चुकलं?"

बाईंना आधी हसू आलं आणि मग ते विरून गेलं. पोरीने चेष्टेने विचारलं नव्हतं. तिला खरंच वाईट वाटत होतं. कामाच्या भिंतीवर चाळीस नावं होती आणि एका नावापुढची जागा कोरी होती. बाईंनी सकाळपासून त्या भिंतीकडे पाहायचं टाळलं होतं, हे आता त्यांच्या ध्यानात आलं. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत, पण आता तोंडून घरची बोली निघाली.

"हाव, चुकलं," त्या म्हणाल्या. "मी ही शाळा सोडून जाऊन राह्यली होती, अन् कोनाले सांगतलं नाई."

"मंग सांगून द्या ना," पंचफुला म्हणाली, जणू वहीवर शाई सांडली एवढीच ती गोष्ट होती.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, सगळे निंबाखाली बसलेले असतानाच बाईंनी सांगितलं. उभं राहून, पत्र हातात धरून, काही न लपवता. मला थकवा आला आहे, म्हणाल्या. सकाळी हात वर केला तेव्हाच बोलायला हवं होतं, तेव्हा बोलले नाही, तेवढं माझं चुकलं. बाकी जाण्यात चूक आहे असं मला वाटत नाही. मग त्या खाली बसल्या. उत्तमरावांनी डोळे मिटून घेतले आणि बाईंच्या मनात आलं, आता हे रात्रीचं जेवणार नाहीत. त्यांना त्याचा रागही आला आणि रडूही आलं.

दयाराम उठला. सभा त्याची होती, त्याला बोलणं भाग होतं.

"सकाळी आपनच म्हनलं का बाईले आराम पायजे," तो म्हणाला. आवाज जास्तच घोगरा झाला होता. "मंग तो खामगावात भेटत असन तर आपन काऊन अडवाचं? बाईनं जावं, असा ठराव मी मांडतो."

त्याने आपला हात वर केला. मग एकेक हात वर होऊ लागला. सकाळसारखे भरभर नाही. कुणी शेजाऱ्याकडे बघून, कुणी नाक पुसून, पण होत गेले. कावडीवाल्या पोरांचे झाले, भाकरीवालीचा झाला, पंचफुलाचा झाला. उत्तमरावांचा हात सगळ्यात शेवटी, डोळे न उघडता वर आला. बाई ते हात बघत होत्या. एकाने तरी अडवावं अशी आशा आपण धरून बसलो होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. कुणीच अडवत नव्हतं. हीच पोरं आपण शिकवली, दुसऱ्याचं दुखणं बघा म्हणून, आणि ती शिकली.

दयारामने हात मोजले. पुन्हा मोजले.

"एकोनचाळीस," तो म्हणाला. "एक हात खाली हाये. कोनाचा?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. जो तो आपला हात आणखी उंच करून दाखवू लागला. शेवटी पंचफुलानेच सांगितलं.

"बाईचा."

बाईंनी खाली पाहिलं. हात पत्रासकट मांडीवर पडलेला होता. तो उचलायचा त्यांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. सगळा दिवस त्याला काही काम नव्हतं, तरी त्यांना तो भरल्या कावडीएवढा जड वाटत होता. दयाराम थांबला होता. नियमाप्रमाणे त्याने एकदा विचारलं, बाई, तुमचा हात. बाईंनी मान हलवली.

"नाई होत रे वर," त्या म्हणाल्या.

मग ठराव पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, इथे तशी रीत नव्हती. उत्तमरावांनी डोळे उघडले, ते जेवायला काय आहे असं हळूच कुणाला तरी विचारताना बाईंना ऐकू आले, आणि एवढ्या सगळ्यात त्यांना त्याचं हसू आलं. दयाराम खडू घेऊन भिंतीपाशी गेला आणि त्या कोऱ्या जागेपुढे उभा राहिला. काय लिहू, असं त्याने विचारलं.

संडास नको, बाई म्हणाल्या, मला वाकवत नाही. पाणीही नको, विहीर लांब आहे. घंटा लिही. दयारामने लिहिलं आणि घंटा एकाच्याच नावावर असायची रीत, म्हणून पंचफुलाच्या नावापुढची घंटा पुसायला फडकं उचललं. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

"ते पुसू नको," बाई म्हणाल्या. "दोघीजनी वाजवू."

दयारामने फडकं खाली ठेवलं. पहिली घंटा पहाटे साडेपाचला असते. उद्या पाचला उठायचं, असं बाईंच्या मनात आलं, आणि त्या गुडघ्यावर हात टेकवून सावकाश उभ्या राहिल्या.