कुत्र्यात उतरलेली साखर

लोळ्याने अर्धी बादली एका दमात संपवली, तेव्हा माथ्यावरच्या पाचही तंबूंतली माणसं टाळ्या वाजवत उभी होती. कुत्रं पाणी पितंय, यात टाळ्या वाजवण्यासारखं काय, असं खाली कोणीही विचारलं असतं. पण ही मंडळी काल चार तास डोंगर चढून, पाठीवर तंबू आणि हातात आपापल्या कुत्र्याची दोरी धरून, हेच बघायला वर आली होती.

"तहान बघा त्याची," वाटाड्या म्हणाला. "साखरेच्या रोग्याचं पहिलं लक्षण कोणतं? तहान. काल ती कुणाला होती? मालकाला. आज कुणाला आहे, तुम्हीच सांगा."

लोळ्याने खुंटीवर पाय वर केला आणि तो खाली घ्यायचं नाव घेईना.

"हे दुसरं लक्षण," वाटाड्या म्हणाला, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. इतक्या भक्तिभावाने कुणी कुत्र्याचं मुतणं पाहिलं नसेल.

हा वाटाड्या पूर्वी सहलींना रस्ता दाखवायचा. त्यात भागेना, तेव्हा तो मधुमेह उतरवायला लागला. रोग्याने घरचं कुत्रं आणायचं, इन्सुलिन दरीत फेकायचं आणि एक रात्र कुत्र्याला कुशीत घेऊन झोपायचं, की रोग त्याच्यात शिरतो. कुत्र्यांचं जेवण मात्र वाटाड्याच्याच हातचं, झाकणाच्या पातेल्यातून. आणि उजाडेपर्यंत त्यांना पाण्याचा थेंब नाही, नाहीतर रोग वाहून जातो म्हणे.

लोळ्याच्या मालकाची, म्हणजे दादाची, धाकटी बहीण हे सगळं दातओठ खात बघत होती. ती जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि दादाला एकटं सोडायचं नाही म्हणून बरोबर आली होती. दादा गाडी चालवायला शिकवायचा. रोजच्या सुयांना तो इतका वैतागला होता, की काल दुपारी त्याने औषधाची पेटी सगळ्यांदेखत दरीत भिरकावली. धाकटीने इन्सुलिनचं एक जास्तीचं पेन लोळ्याच्या औषधांच्या पिशवीत लपवून आणलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं.

रात्री लोळ्या धापा टाकत तंबूचं कापड ओरबाडत होता. तिने पाण्याची बाटली उघडली, तर दादाने तिचं मनगट धरलं. "एक रात्र गं. माझ्यासाठी एवढं कर." तिने झाकण लावलं. त्याबद्दल तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

आता लोळ्याची चाल बिघडली होती. धाकटीने पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं. "रोग याच्यात गेलाय ना? बघू या." तिने लोळ्याच्या कानाची कड टोचली. पंच्याण्णव. "दादा, बोट दे." चारशे बारा.

वाटाड्याची बोबडी वळेल असं तिला वाटलं होतं, पण तो पक्का होता. "ताई, कुत्रं रोग रक्तात ठेवत नाही, मुतून टाकतं. आणि निघताना साखर वर येणारच. घर झाडताना धूळ उडते की नाही?" माना डोलल्या.

धाकटीने कालचं भांडं उचललं. तळाला खिमा वाळला होता. "हे खाऊन दाखवा."

"कुत्र्याचं उष्टं खाऊ?"

"मग पातेल्यातलं खा."

वाटाड्याला अचानक तंबूची एक दोरी सैल दिसली आणि तो ती ताणायला वळला. तेवढ्यात दादाने भांड्यातून बोट फिरवून तोंडात घातलं आणि थुंकला. "नुसतं मीठ आहे हे."

"मूठभर मीठ, रात्रभर पाणी बंद आणि सकाळी बादली," धाकटी म्हणाली. "तुम्हाला असं डांबलं तर तुम्हीही बादली प्याल. यात रोग कुठे आला?"

तोच लोळ्या आडवा झाला. पाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले. एवढ्या मिठावर एकदम एवढं पाणी गेलं की मेंदू सुजतो, हे तिला ठाऊक होतं. दवाखाना चार तास खाली होता. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिला वाटाड्याचा राग आला आणि दादाचा त्याहून जास्त आला. अर्ध्या तासात लोळ्या मेला.

शेजारच्या तंबूतल्या बाईंनी, त्या पोस्टात कारकून होत्या, हात जोडले. "सगळा रोग घेऊन गेला बिचारा." मग त्या काळजीने वाटाड्याकडे वळल्या. "आमचा का नाही मेला अजून?"

"आजची रात्र थांबा," वाटाड्या म्हणाला. "दुप्पट जेवण देऊ." बाईंनी दोरी त्याच्या हातात दिली.

दादाने आपण होऊन पुन्हा बोट टोचलं. आकडा बघून त्याने सदरा वर केला. "टोच," तो धाकटीला म्हणाला. पेन कुठून आलं, हे त्याने विचारलं नाही.

मग तो यंत्र घेऊन बाईंसमोर गेला. "बाई, कुत्रं जिवंत होतं तेव्हा माझी साखर चारशे बारा होती. ते मेल्यावर चारशे तीस झाली. माझ्या मूर्खपणाने ते गेलं, दुसरं काही झालेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, यांच्यावरही ठेवू नका. स्वतः मोजा आणि मग ठरवा. फक्त एक बोट पुढे करा."

बाईंनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले.