बर्फातले अकरा आणि गच्चीवरचा एक

शास्त्रज्ञ माणूस एकदा लाड करायला लागला की समोरच्याची धडगत नसते, असं हेमा बर्वेचं मत होतं, आणि ते तिच्या नवऱ्याकडे बघून बनलं होतं. श्रीरंग बर्वे लखनौच्या एका वनस्पती संशोधन संस्थेत होता. त्र्याऐंशी सालच्या जूनमध्ये तो हिमाचलच्या वरच्या अंगाला गेला आणि खडकाळ उतारावरून रानटी ट्यूलिपचे बारा कंद खणून घेऊन आला. लसणीच्या गड्ड्याएवढे, तपकिरी सालीचे, दिसायला अगदी दरिद्री. पण हे लखनौत फुलवून दाखवले तर दिल्लीचे लोक वाहवा करतील, प्रकल्पाला मुदतवाढ मिळेल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

डोंगरावरचं फूल म्हणजे त्याला गारवा हवा, एवढाच काय तो त्याचा विचार. त्यापुढे त्याची बुद्धी गेली नाही. चौकातला बर्फवाला रोज सायकलवर गोणपाटात गुंडाळलेली लादी आणायचा आणि ती फोडून संस्थेतल्या कुंड्यांभोवती रचली जायची. वर हिरवी जाळी, समोर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. बाहेर लू वाहत होती, माणसं ओला गमछा डोक्यावर घेऊन हिंडत होती, आणि हे अकरा कंद नवाबासारखे लोळत होते. घरी पन्ह्यात टाकायला बर्फ मागितला तर श्रीरंग म्हणायचा, प्रकल्पाचा आहे.

अकराच, कारण बारावा खणताना कुदळीने चेपला होता. श्रीरंगने तो कचऱ्यात टाकला आणि हेमाने उचलला.

हेमाने पुण्याला एम.एस्सी. केलं होतं, तेही कंदवर्गीय वनस्पतींवरच. नंतर लग्न, लखनौ, नयनाचा जन्म, आणि शिकलेलं सगळं भाजीच्या पिशवीत गेलं. आता नयना मोठी झाली होती, आईने मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देण्याइतकी मोठी. हेमाला पुन्हा काम करायचं होतं. संस्थेत संशोधन सहायकाची एक जागा निघणार होती. तिने अर्ज लिहून श्रीरंगच्या हातात दिला होता आणि तो 'योग्य वेळी संचालक सक्सेनासाहेबांशी बोलतो' म्हणत खिशातून खिशात फिरवत होता. योग्य वेळ काही येत नव्हती.

कंदांबद्दलही ती बोलली. एकदा नाही, अनेकदा. तिथे वर उन्हाळ्यात पाऊस पडत नाही, बर्फ वितळलेला असतो, दगड तापतात आणि कंद खाली कोरड्यात झोपलेला असतो, त्याला पाणी पाजून उठवू नका, सडेल. श्रीरंग जेवता जेवता ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "पुस्तकातलं आहे गं ते तुझं. वाढ जरा आमटी."

तिने आमटी वाढली. पण मनातून तिला त्याची इतकी कीव आली की राग यायचं राहून गेलं. विकास नगरच्या घराच्या गच्चीवर फुटक्या कुंडीत तिने विटांचा चुरा आणि वाळू भरली, तो चेपका कंद आत पुरला आणि उन्हात ठेवून दिला. पावसाळ्यात कुंडी पाण्याच्या टाकीखाली सरकवली, म्हणजे शिंतोडाही नको. शेजारच्या मिश्राबाईंना वाटलं, बर्वीणबाई माती सुकवतायत. थंडी पडल्यावर तिने पहिल्यांदा बेताचं पाणी घातलं. लखनौची थंडी काही डोंगरातली नव्हे, पण डिसेंबरात रात्री रजई लागते, आणि त्या कंदाला तेवढी पुरली. संक्रांतीच्या सुमारास राखाडी पातं वर आलं. फेब्रुवारी संपता संपता कळी धरली.

संस्थेतल्या अकरा कुंड्यांत मात्र माती ती माती. श्रीरंग रोज वाकून बघायचा आणि 'सुप्तावस्था लांबलीय' असं म्हणायचा. नापास झालेल्या मुलाचा निकाल लांबलाय म्हणण्यातलाच प्रकार.

मार्चमध्ये दिल्लीहून पाहणी समिती येणार असं ठरलं, तेव्हा त्याचा धीर सुटला. गच्चीवर कळी धरल्याचं घरात त्याच्या कानावर आलं होतं. समिती यायची त्या सकाळी तो कधी नव्हे ते गच्चीवर गेला आणि कुंडी उचलून खाली आला.

"प्रकल्पाचाच कंद आहे शेवटी," तो म्हणाला.

कचऱ्यात टाकताना तो कुणाचा होता, हे हेमाने विचारलं नाही. तिने अर्जाचं विचारलं. श्रीरंग एकदम मायेने बोलायला लागला. हे फूलच तुझी शिफारस, आज समितीसमोर तुझं नाव घेतो, तूही चल. ती चांगलं पातळ नेसून गेली. इतकं सगळं कळत असूनही आपण विश्वास ठेवला, याचा तिला स्वतःचाच तिटकारा आला, पण जागा हवी होती.

संस्थेच्या एअर कंडिशन्ड हॉलमध्ये, मखमलीच्या कापडावर, बर्फाच्या परातीत ती कुंडी मांडली होती. कळी लाल, टोकदार आणि गच्च मिटलेली. समितीचे प्रमुख डॉ. खुराना चष्मा सावरून बघत होते. संचालक सक्सेनासाहेब अदबीने 'बस खिलने ही वाली है' म्हणत होते. चहा झाला, समोसे झाले, कळी ढिम्म. श्रीरंगने आणखी बर्फ मागवला.

हेमाला हसू आवरेना. एवढे डॉक्टर एका खोलीत, आणि हे फूल सावलीत मिटतं आणि उन्हात उघडतं, हे एकालाही सुचू नये. ती पुढे झाली, परातीतून कुंडी उचलली आणि सरळ व्हरांड्यातल्या उन्हात नेऊन ठेवली. श्रीरंग 'अगं, अगं' करत मागे आला, त्याच्यामागे समिती. बघता बघता पाकळ्या सैल झाल्या आणि बाहेरून लाल दिसणारं फूल आतून पांढरंशुभ्र, चांदणीसारखं उघडलं.

खुराना बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी विचारलं, हे कुणी वाढवलं?

हेमाने श्रीरंगकडे पाहिलं. तिचं नाव घ्यायला याहून योग्य वेळ येणार नव्हती.

"हमारे प्रोजेक्ट का है, सर," श्रीरंग म्हणाला. "घर पे मिसेस पानी-वानी दे देती हैं."

हेमाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज तिने खालीच ठेवला.

"पानी? गर्मी और बरसात भर एक बूँद नहीं दिया, सर. इसीलिए ज़िंदा है. इनके वाले ग्यारह खोदकर देख लीजिए."

खुरानांनी खरंच खणायला लावले. पहिल्या कुंडीतून काळा, बुळबुळीत गाळ निघाला आणि त्याची अशी घाण सुटली की सक्सेनासाहेबांनी रुमाल नाकाला लावला. दुसरीतही तेच. तिसरी कुणी खणली नाही. मग खुरानांनी हेमाला विचारलं, आणि ती सांगत गेली: कंदाची झोप, विटांचा चुरा, टाकीखालची जागा, शेवटी पुण्याची एम.एस्सी. आणि अजून नवऱ्याच्या खिशात असलेला अर्ज. खुराना सक्सेनांकडे वळून म्हणाले, जागा रिकामी आहे ना तुमच्याकडे?

सक्सेनासाहेब गोड हसले. बाईंचं कौतुकच आहे, पण नवरा-बायकोला एका विभागात ठेवायचा आपल्याकडे रिवाज नाही, उगाच अडचण होते, असं काहीसं ते लखनवी थाटात बोलले.

"तो इनका विभाग बदल दीजिए," हेमा म्हणाली.

सक्सेनांना ती थट्टा वाटली. खुरानांना वाटली नाही. त्यांनी पेन काढलं आणि अर्जासाठी श्रीरंगपुढे हात केला. श्रीरंगचा चेहरा पडला. खिशावर हात ठेवून तो मराठीत कुजबुजला, "हेमा, आत्ता नको. घरी बोलू."

"घरीच तर बोलत होते इतके दिवस," ती म्हणाली. "काढा अर्ज."