मनोरमाबाईंचा शेरा

हाटकेश वस्तीतल्या वाचनालयात कपाटं चारच, आणि नवी पुस्तकं यायची काही थांबत नाहीत. म्हणून कमिटीने नियम केला होता: पुस्तक परत करताना वाचकाने चिठ्ठीवर शेरा लिहायचा. ‘ठेवू नये’ असा शेरा पडला, की पुस्तक रद्दीत. बाकीचे वाचक भिडेखातर ‘छान’ लिहून मोकळे व्हायचे. मनोरमाबाईंना भीड ठाऊकच नव्हती. पुस्तक कितीही रटाळ असो, शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि पटलं नाही तर तोंडावर लिहायच्या. कमिटीही त्यांना टरकून असे.

परवा संध्याकाळी मनोरमाबाई वाचनालयात बसल्या असताना महिपतराव जिना चढून आले. कारखान्याच्या गाळ्यात लेथ मशीनवर आयुष्य काढलेला माणूस. पायावर लोखंड पडल्यापासून उजवा पाय ओढत चालायचा. वाचनालयात पहिल्यांदाच येत होता.

“नीलिमाचं पुस्तक पाहिजे होतं,” ते म्हणाले.

नीलिमा त्यांची बायको. गोष्टी लिहायची. एकच पुस्तक छापलं, थोड्याच प्रती, त्याही वाटून टाकल्या. तीन महिन्यांपूर्वी ती गेली. घरातली प्रत रिडेव्हलपमेंटला बिल्डिंग रिकामी करताना कुठल्याशा खोक्यात हरवली.

“माझं वाचायचंच राहिलं, ताई. ती होती तेव्हा वाटायचं, वाचू कधीतरी. आता इथलीच एक प्रत उरलीय.”

ग्रंथपाल बबनने मनोरमाबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुस्तक दिवाळीच्या साफसफाईत गेलं होतं, त्यांच्याच शेऱ्यावर.

“कोणीतरी घरी नेलंय बहुतेक...” बबन सुरुवात करत होता.  बाई गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना खरं सुनावलं, आणि आता स्वतःवर आल्यावर खोटं बोलायचं?

“नाही, महिपतराव. ते रद्दीत गेलं. मीच तसा शेरा लिहिला होता.”

महिपतराव बाकावर बसले. 

“एवढं वाईट होतं?”

बाई आपले सगळे शेरे वहीत उतरवून ठेवत. त्यांनी पिशवीतून वही काढली, पान शोधलं आणि वही त्यांच्या हातात दिली. महिपतराव बोट ठेवत वाचू लागले.

‘अकरा गोष्टी. अकराही गोष्टींत एक बाई जिन्यावरच्या चपलांचा आवाज ऐकत बसलेली. एक चप्पल घासत येणारी. तो दारात आला, की गोष्ट संपली. लेखिकेला दुसरं काही सुचतच नाही. ठेवू नये.’

त्यांनी ते दोनदा वाचलं.

“सगळ्या अकरा?”

“सगळ्या.”

“मी घरी आलो की ती तिची लिहायची वही मिटायची. मला वाटायचं, माझ्यापासून लपवतेय.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “कधी विचारलंच नाही, ताई.”

मनोरमाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं त्यांनी, पण समजलं काहीच नव्हतं.

“हे पान मिळेल का?”

त्या वहीचं पान बाईंनी आजवर कुणाला दिलं नव्हतं. त्यांनी ते फाडून दिलं. महिपतरावांनी त्याची घडी केली, खिशात ठेवली आणि जायला उठले.

बबन दिवे बंद करायला उठला, तेव्हा बाईंनी हातानेच त्याला थांबवलं. जिन्यावर एक चप्पल घासत खाली चालली होती. तो आवाज संपेपर्यंत त्या ऐकत बसल्या.