पळसाच्या पानांचा भुलव्या

भाऊबीजेच्या दुपारी गोजरबाईच्या खोलीत बायका पत्रावळी लावायला बसायच्या, आणि पत्रावळी लावता लावता भुलव्या ऐकायच्या. चार दिवाळ्या असंच चाललं होतं. गिरणीला सुट्टी, भोंगा मुका, चाळीच्या दारादारांत रांगोळ्या विस्कटलेल्या. आणि मधोमध गोजरबाईचा लेक रामहरी मास्तर नवं कोरं पुस्तक हातात धरून घसा खाकरत बसलेला.

भुलव्या हा चोर. पण असा चोर, की ज्याच्या घरी तो गेला नाही त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागे. त्याच्या खांद्यावर काळी घोंगडी. ती पांघरली की दिसेनासा व्हायचा. कुलपावर फुंकर घातली की कुलूप लाजून उघडायचं. सोन्यानाण्याला त्यानं फारसा हात लावला नाही. राजाची झोप चोरली, ती एका किरकिऱ्या तान्ह्याच्या पापण्यांवर नेऊन ठेवली. सात राक्षसांची तहान चोरली, तेव्हा आटल्या विहिरीला पाणी आलं. आणि जाताना उंबऱ्यावर पानाचा विडा ठेवायचा. लुटलेल्या घरचा धनी तो विडा चघळत दारात उभा राहून म्हणायचा, "ये रे पुन्हा, भुलव्या!"

पुस्तकावर नाव रामहरीचं. भुलव्या मात्र मूळचा गोजरबाईचा. वळसंगला, गावी असताना ती पहाटे जात्यावर बसायची, लहानगा रामहरी तिच्या मांडीवर डोकं टेकून पडायचा, आणि खाली पीठ, वर भुलव्या असं झरत राहायचं:

*सात कुलपांचा वाडा फुंकरीनं उघडिला,*
*बंधवानं माझ्या राजा हसत लुटिला.*

*दिवाळीच्या दिशी पाट मांडिते रिकामा,*
*घोंगडीच्या आड हसतो माझ्या बाळाचा मामा.*

मामा म्हणजे महिपती, गोजरबाईचा पाठचा भाऊ. मोठ्या दुष्काळात गाव सोडून गेला तो गेलाच. का गेला, कुठं गेला, हे घरात कुणी बोलत नसे. गोजरबाई दर भाऊबीजेला त्याच्यासाठी पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची आणि रिकाम्या पाटाला ओवाळायची. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. तिनं चंद्राकडं कधी मान वर करून पाहिलं नाही. "मला भाऊ हाय की," म्हणायची. "बसलाय घोंगडी पांघरून. तुमाला दिसंना त्याला मी काय करू?"

आजही पाट धुऊन भिंतीला टेकवला होता. दिवेलागणीला तो मांडायचा होता.

"मास्तर, औंदा लगीन लावा त्याचं," बजाबाई पळसाच्या पानात काडी खुपसत म्हणाली. ती पलीकडच्या खोलीतली, गिरणीत रिळांवर कामाला. "लई दिस उनाड फिरतुया."

"लग्न झालं की चोरी बंद," गुरम्मा म्हणाली. ही शेजारीण अक्कलकोटकडची, मराठीला कानडीचा हेल. "बायको आतून कडी लावते की!"

"त्याला कोन बायकू देतंय?" गोजरबाई हसली. "नवरा दिसतच न्हाय म्हणून जल्मभर रडंल ती."

रामहरीही हसला, पण ओठांतल्या ओठांत. हे पुस्तक शेवटचं होतं. छापखान्याचे ईश्वरप्पा म्हणाले होते, "मास्तर, चोराचं आता एक तर लग्न लावा, नाहीतर त्याला मारा. दोन्हीला गिऱ्हाईक आहे." रामहरीनं मारलं होतं. लिहिताना स्वतः रडला होता. आईला त्यानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्याला पाणी आलेलं त्याला बघायचं होतं. ज्या बाईनं आपल्याला गोष्ट दिली, तिला आपण रडवू शकलो तर आपण लेखक, असं काहीसं त्याच्या मनात होतं.

वाचन रंगलं. भुलव्याच्या बहिणीच्या घरातला दिवा विझतो. कुठल्याच तेलानं तो पेटेना. मग भुलव्या काळोखगडावर जातो, प्रत्यक्ष मरणाच्या देवळीतला दिवा चोरायला. जाताना बहिणीला म्हणतो, "पाट मांडून ठेव. आलोच." काळोखगडाचा दरवाजा त्याच्यामागं मिटतो. कुलपावर फुंकर घालावी तर त्या दाराला कुलूपच नाही. बायकांचे हात भराभर चालले होते. अशा पेचातून तो दरवेळी सुटायचा.

रामहरीनं पान उलटलं. त्याचा आवाज खाली आला.

"'बारा वर्षं झाली. भुलव्या आला नाही. मग वडीलधाऱ्यांनी पळसाची हिरवी पानं आणली. पानाला पान जोडून माणूस केला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. बहिणीला म्हणाले, बाई, हा तुझा भाऊ. ह्याला अग्नी द्यायचा ना? बहिणीनं तोंडाला पदर लावला, आणि ती म्हणाली, होय.'"

खोलीत पानांची सळसळ थांबली.

"'ज्वाळा उठली. मागं वळून न पाहता सगळे घरी फिरले. समाप्त.'"

त्यानं वर पाहिलं. कुणीच रडत नव्हतं. बजाबाईचं तोंड उघडं राहिलं होतं. गोजरबाईच्या हातात पळसाचं एक पान होतं, अर्धं टाचलेलं. ती त्या पानाकडं बघत होती.

मग तिनं पान खाली ठेवलं. उठली, भिंतीला धरून मोरीत गेली. पाण्यानं भरलेली घागर तिनं उचलली आणि अंगावरच्या लुगड्यासकट स्वतःच्या डोक्यावर ओतली.

"आई!"

"आत्याबाई, अवो काय करताय!" रामहरीची बायको सारजा धावली.

गोजरबाईच्या केसांतून पाणी निथळत होतं. थंडीनं दात वाजत होते, पण आवाज कोरडा होता. "भाऊ गेला माजा. परगावास्नं सांगावा आला की अंगावर पानी घ्याचं असतंय. ठावं न्हाय व्हय तुला?"

"अवो, गोष्ट हाय ती!"

"छापलंय का न्हाय?" ती रामहरीकडं वळली. "चावडीवर छापील कागुद लागला की समदं गाव मान खाली घालत हुतं. कुनी म्हनलं का, गोष्ट हाय म्हणून?"

रामहरीच्या हातातलं पुस्तक मिटलं.

"ह्यो पळसाचा मानूस तुला कुनी सांगितला?"

"कुणी नाही, आई." त्याला स्वतःचाच आवाज लांबून आल्यागत वाटला. "माझ्या डोळ्यांपुढं कधीपासून आहे तो. ओसरीवर निजलेला हिरवा माणूस. लहानपणी कधी स्वप्नात पाहिला असेल."

"सपान न्हवं त्ये."

ती तशीच ओली मोरीच्या कट्ट्यावर बसली. सारजानं खांद्यावर चादर टाकली, ती घसरून पडली, तरी तिला पत्ता नव्हता.

"वळसंगची वसरी हुती. महिपतीला जाऊन बारा वर्सं झाली म्हणून भावकी गोळा झाली. मेला समजून दिस घालाया. तू माज्या पदराला धरून हुबा. पानांचा मानूस केला, नारळाचं डोस्कं बशीवलं, अन् मला म्हनले, गोजरा, तू भन हाईस, तू व्हय म्हन." तिनं तोंडावरचं पाणी पुसलं. "मी म्हनलं न्हाय. त्यो पुतळा उचलला अन् हिरीत टाकला. पानं बुडाली. नारळ तेवढा वर तरंगत ऱ्हायला. तवापास्नं भावकीनं सोडलं मला, पर माज्या तोंडातनं व्हय कुनी काढलं न्हाय. तुजा बाप थकला, पाटील थकला. अन् तू, माज्या पोटच्या पोरा, तू छापून काढलंस."

रामहरीनं मिटलेलं पुस्तक खाली ठेवलं. तो पुतळा आपण रचला, आपल्या कल्पनेतून आला, असं त्यानं ईश्वरप्पांना केवढ्या अभिमानानं सांगितलं होतं! आणि तो विहिरीतून वर आला होता. नारळासारखा तरंगत.

"त्याला चोर का म्हनत हुते, त्ये तरी ठावं हाय का तुला?" गोजरबाई म्हणाली. "दुष्काळात माजं दूध आटलं. तुजी थोरली भन तानी. महिपतीनं पाटलाचं पेव फोडलं, धोतरात जुंधळा बांधून आनला, माज्या वट्यात वतला. म्हनला, अक्का, आलोच. अन् पळाला. मागनं मानसं काठ्या घेऊन." तिनं लुगड्याचा ओला पदर पिळला. "त्या जुंधळ्यावर आमी जगलो. म्हणून तू जल्मलास. पुस्तकं लिवाया."

बाहेर कुणीतरी उरलेला फटाका लावला. खोलीतलं सगळं दचकलं.

"मी पुस्तक मागं घेतो," रामहरी कसाबसा म्हणाला. "आत्ता जातो ईश्वरप्पांकडं."

"कुटंकुटं गेलंय?"

"बार्शीला. करकंबला. पंढरपुरात..."

"मग? छापल्यालं माघारी येतंय व्हय?" ती उठली. भिंतीला टेकवलेल्या पाटाकडं तिनं बघितलं, फार दिवसांनी घरी आलेल्या, परक्या झालेल्या माणसाकडं बघावं तसं. "सारजा, पाट फळीवर ठेव. औंदा लागायचा न्हाय. आता कंदीच लागायचा न्हाय."

सारजानं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा जमिनीकडं बघत होता. तिनं पाट उचलला आणि वर फळीवर, रिकाम्या डब्यांच्या मागं सारून दिला. लाकूड घासल्याचा आवाज झाला. त्या आवाजानं बजाबाईला हुंदका फुटला.

गोजरबाईनं लुगडं बदललं. भिंतीला पाठ टेकून बसली. कुणाला उठून जाता येईना, बसवेना. पळसाच्या पानांचा ढीग मधोमध तसाच. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. रामहरी आईच्या पायाशी जाऊन बसला. तिनं पाय आखडून घेतले नाहीत, पण त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

उन्हं दाराबाहेर सरकली. काहीतरी बोलायला हवं म्हणून गुरम्मा हळूच म्हणाली, "अक्का, आमच्यात मातीत ठेवतात. तुमच्यात जाळल्यावर पुढं काय करतात?"

सारजानं डोळे वटारले. पण गोजरबाईनं उत्तर दिलं, विचारलं म्हणून सांगायचं तसं. "तिसऱ्या दिशी राख सावडत्यात. हाडं येचत्यात. पान्यात सोडत्यात. त्येच्याबिगर मेल्यालं मानूस सुटत..."

ती बोलता बोलता थांबली.

"रामहरी."

"काय, आई?"

"सावडली का?"

त्याला कळेना. मग कळलं, तेव्हा त्यानं पुस्तकाचं शेवटचं पान काढलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं. एवढं मोठं क्रियाकर्म लिहिलं आणि राख सावडायची राहिली! वळसंगचा कुणीही शेंबडा पोर विसरला नसता, ते मास्तर विसरला होता. वळसंगच्या ओसरीवर पुढचं काही घडलंच नव्हतं, मग त्याच्या डोळ्यांपुढं तरी कुठून येणार?

"नाही, आई."

"नीट बग."

"नाही. अग्नी दिला, सगळे मागं न बघता फिरले. समाप्त."

"मागं कुनीच बगितलं न्हाय?"

"नाही."

"राख कुनी डोळ्यानं पायली?"

"कुणीच नाही."

गोजरबाई सरळ होऊन बसली. "पानं कशी हुती रं? वली का वाळकी?"

"हिरवी. हिरवी लिहिलीत मी."

"हिरवी पानं जळत्यात व्हय रं, मुडद्या!"

इतक्या वेळानं तिच्या आवाजाला धार आली. बजाबाई पदरानं नाक पुसता पुसता थबकली. "आगं बया! म्हंजी... सरनावरनं पळाला?"

"पळाला न्हाय. चोरलं. सोताला चोरलं त्यानं सरनावरनं. मानसं पाठमोरी झाली, धूर दाटला, अन् ह्यो घोंगडी घिऊन गेला." तिनं पुस्तकावर बोट ठेवलं. "नाव काय ठेवलंयस ह्याचं?"

"भुलव्याची शेवटची चोरी."

"मग ही चोरी लिवलीच न्हाय की तू. मास्तरला घावली न्हाय."

गुरम्मानं गालावर हात मारून घेतला. "अय्यो शिवा! लिहिणाऱ्याच्याही हातावर तुरी!"

कुणीतरी हसलं, आणि हसल्याचं वाईट वाटून गप्प झालं. गोजरबाई हसली नव्हती. तिनं डोळे मिटले होते. जातं कोपऱ्यात होतं, हात रिकामे होते, तरी तिचा उजवा हात खुंटा धरल्यासारखा मांडीवर फिरू लागला:

*पळसाचा पुतळा वला हिरवा जळंना,*
*धुराच्या वाटंनं बंधू कुटं ग्येला कळंना.*

शेवटच्या शब्दावर तिचा हात थांबला. कळंना. दुपारी रामहरीला जे पाणी बघायचं होतं ते आता तिच्या डोळ्यांत आलं होतं, आणि त्याला ते बघवेना.

"सारजा," ती म्हणाली, "पाट काढ."

सारजानं डबे पाडत पाट काढला. गोजरबाईनं स्वतः तो पुसला, मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली. मग रामहरीला म्हणाली, "त्ये व्हय तेवढं खोड."

त्यानं दौत आणली. पुस्तकातला 'होय' शाईनं असा बुजवला की कागद भिजून मागच्या पानावर डाग उमटला. "बाकीच्या पुस्तकांत तो राहणार, आई," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याची हिंमत नव्हती.

"ऱ्हाऊ दे. ती बाई दुसरी कोन तरी."

दिवेलागण झाली. दुपारी खाली ठेवलेलं ते अर्धं टाचलेलं पळसाचं पान तिनं हुडकून काढलं, झटकलं, पाटापुढं ठेवलं आणि त्याच्यावर दोन करंज्या वाढल्या. ताम्हणात दिवा लावला. सगळ्यांनी जागा करून दिली. रामहरी पाटाच्या कडेला अवघडून बसला होता. बोटांना अजून शाई होती.

गोजरबाई ताम्हण घेऊन उभी राहिली. दिवा हलत होता. इतक्या वर्षांत तो असा हललेला रामहरीनं पाहिला नव्हता.

"रामहरी," ती म्हणाली, "जरा सरकून बस की. मामाच्या घोंगडीवर बसलायस."

रामहरी सरकला.